गुदाशयाचा कर्करोग : लक्ष्यवेधी औषधांची न जुळलेली बेरीज

पचनसंस्थेचे चित्र फळ्यावर काढताना आपण तोंडापासून सुरुवात करतो. जठर, यकृत, लहान आतडे यांना पुरेसा वेळ देतो, मोठ्या आतड्यापाशी थोडी घाई करतो आणि शेवटच्या वीतभराहूनही कमी लांबीच्या भागाला ‘गुदाशय’ असे नाव देऊन खडू खाली ठेवतो. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलेले असते आणि तासही संपत आलेला असतो. हा संकोच शाळेपुरता राहिला असता तर काही बिघडले नसते. पण मोठेपणी शौचाच्या वेळी रक्त पडू लागले की हाच संकोच आड येतो. माणूस ‘मूळव्याध असेल’ असे स्वतःशीच ठरवतो, ऐकीव औषधे घेतो आणि त्यात महिने जातात. बहुतेकांना मूळव्याधच असते हे खरे, पण काहींना गुदाशयाचा कर्करोग असतो. बोटाने तपासून किंवा दुर्बिणीतून पाहून त्याचा संशय अगदी लवकर घेता येतो.

हा लेख त्या रोगाच्या उपचारातील एका प्रश्नाविषयी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी दिल्या जाणाऱ्या किरणोपचार आणि औषधांच्या जोडीला आधुनिक ‘लक्ष्यवेधी’ औषधे जोडली तर फायदा होईल का, असा तो प्रश्न. कागदावर उत्तर ‘होय’ असे येत होते. प्रत्यक्षात काय झाले आणि तसे का झाले असावे, हे पाहण्यासारखे आहे.

अडचण जागेची

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा सुमारे १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. तो कंबरेच्या हाडांच्या अरुंद कटोऱ्यात बसलेला असतो. पुढे मूत्राशय आणि पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी किंवा स्त्रियांत गर्भाशय, मागे माकडहाड, बाजूंना मूत्रविसर्जन व लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या बारीक नसा आणि तळाशी शौचावर ताबा ठेवणारे स्नायूंचे कडे. पोटातील आतड्याचा तुकडा गाठीपासून दोन्ही बाजूंना ऐसपैस अंतर ठेवून कापता येतो. इथे ती चैन नाही. जरा जास्त कापले तर नसा किंवा स्नायू जातात, जरा कमी कापले तर कर्करोगाच्या पेशी मागे राहतात. गाठ फार खाली असेल तर गुदद्वारासकट सर्व भाग काढून पोटावर कायमचे कृत्रिम मलद्वार करावे लागते. त्यावर लावलेली पिशवी घेऊन आयुष्य काढायचे ही गोष्ट ऐकायला वाटते तितकी सोपी नसते.

पूर्वी शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण मोठे होते. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील शल्यचिकित्सक बिल हील्ड यांनी १९८२ साली एक मुद्दा ठामपणे मांडला. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते, त्यात लसिका ग्रंथी असतात आणि त्या साऱ्यावर एक पातळ पापुद्रा असतो. संत्र्याची फोड पापुद्र्यासकट, रस न सांडता सोडवावी तसा हा सगळा भाग अखंड काढला पाहिजे. हे तंत्र जिथे जिथे नीट शिकवले गेले तिथे रोग परतण्याचे प्रमाण बरेच खाली आले. या क्षेत्रातली मोठी प्रगती एका माणसाने कापण्याची पातळी बदलल्याने झाली, हे औषधांच्या चर्चेत शिरण्यापूर्वी लक्षात ठेवलेले बरे.

आधी किरण, मग सुरी

दुसरी सुधारणा किरणोपचाराची. स्वीडनमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी आठवड्याभरात पाच वेळा मिळून २५ ग्रे इतकी किरणमात्रा दिलेल्या रुग्णांत पाच वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण ११ टक्के होते, तर केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत ते २७ टक्के होते. किरण आधी द्यावेत की नंतर, याचा निवाडा जर्मनीतील चाचणीने २००४ साली केला. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. एका गटाला २८ बैठकांत ५०.४ ग्रे किरणमात्रा आणि सोबत फ्लूरोयुरॅसिल हे औषध शस्त्रक्रियेपूर्वी दिले, दुसऱ्याला असाच उपचार शस्त्रक्रियेनंतर दिला. त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण पहिल्या गटात ६ टक्के, तर दुसऱ्यात १३ टक्के निघाले. गंभीर दुष्परिणामही पहिल्या गटात कमी होते. पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण मात्र ७६ आणि ७४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच.

हे शेवटचे आकडे वाचून थांबायला हवे. जागच्या जागी रोग परतणे निम्म्यावर आले, पण आयुष्य वाढले नाही. कारण या रोगाचे बरेच रुग्ण दगावतात ते यकृतात किंवा फुप्फुसात गेलेल्या पेशींमुळे, आणि कंबरेवर सोडलेले किरण तिथे पोहोचत नाहीत. दुसरी एक गोष्ट या उपचारांत दिसली. शस्त्रक्रियेत काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता काही रुग्णांत कर्करोगाची एकही पेशी सापडत नव्हती. जर्मन चाचणीत हे प्रमाण ८ टक्के होते, इतरत्र सामान्यतः १० ते १५ टक्के आढळते. गाठ अशी नामशेष झालेल्या रुग्णांचे पुढचे आयुष्यही चांगले जाते असे दिसले. मग साहजिकच प्रश्न आला की हे १५ टक्के ३० कसे करता येतील?

ब्राझीलमधील साओ पावलो येथील शल्यचिकित्सक अँजेलिता हाब्र-गामा यांनी तर त्यापुढचा प्रश्न विचारला. गाठ उरलीच नसेल तर कापायचे कशासाठी? त्यांनी २००४ साली २६५ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७१ जणांवर शस्त्रक्रिया न करता केवळ बारीक लक्ष ठेवले होते आणि त्यांची प्रकृती उत्तम राहिली होती. तेव्हा अनेकांना हे धाडस वाटले. आता निवडक रुग्णांत, वारंवार तपासण्या करण्याच्या अटीवर, जगभर ही पद्धत वापरली जाते. गाठ नामशेष होण्याला त्यामुळे वेगळेच मोल आले. पोटावरची पिशवी टळू शकेल, असा त्याचा अर्थ झाला.

किरण आणि फ्लूरोयुरॅसिल यांची जोडी

क्ष-किरणांची ऊर्जा पेशीतील पाण्यात शोषली जाऊन अत्यंत क्रियाशील मूलके तयार होतात आणि ती डीएनएचे धागे तोडतात. जवळ ऑक्सिजन असेल तर तुटलेल्या टोकाशी त्याचा संयोग होऊन ती जखम पक्की होते, नसेल तर पेशी ती बऱ्याचदा भरून काढते. ऑक्सिजनअभावी पेशी मारायला अडीच ते तीन पट किरणमात्रा लागते. ज्यांच्या नावाने मात्रेचे एकक ओळखले जाते त्या एल. एच. ग्रे यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात याचा पाठपुरावा केला. कर्करोगाच्या गाठीत रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटर अंतरावरच पेशी गुदमरू लागतात, हेही तेव्हाच कळले. ऑक्सिजनचा हा मुद्दा पुढे लागणार आहे.

फ्लूरोयुरॅसिल हे औषध रसायनशास्त्राच्या शिक्षकांना नक्की आवडेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स हायडेलबर्गर व सहकाऱ्यांनी ते १९५७ साली पुढे आणले. आरएनएमध्ये युरॅसिल असते आणि डीएनएमध्ये त्याच्या जागी थायमिन असते, हे आपण शिकवतो. दोघांत फरक एवढाच की थायमिनच्या पाचव्या कार्बनवर एक मेथिल गट असतो. हा गट चिकटवण्याचे काम एक विकर करते. हायडेलबर्गर यांनी नेमक्या त्या पाचव्या कार्बनवर फ्लोरिनचा अणू बसवला. फ्लोरिन आकाराने हायड्रोजनच्या जवळपास असल्याने विकर फसते, ते रेणूला धरते, पण फ्लोरिन तिथून हलत नाही आणि विकर अडकून पडते. थायमिनचा पुरवठा थांबतो. डीएनएची नक्कल करायला निघालेल्या पेशीची अर्ध्या वाटेवर सामग्री संपते, आणि किरणांनी तोडलेले धागे सांधायलाही तिच्याकडे माल उरत नाही. म्हणून ही जोडी जमते. आता बऱ्याच ठिकाणी शिरेतून देण्याऐवजी कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या देतात. शरीरात त्यांचे फ्लूरोयुरॅसिलच बनते.

या औषधाचा मुख्य मारा डीएनएची नक्कल करत असलेल्या पेशींवर आहे, हे ध्यानात ठेवावे. विश्रांती घेत असलेली पेशी त्यातून बरीचशी सुटते.

उंदराच्या पापण्यांपासून सुरू झालेली वाट

लक्ष्यवेधी औषध म्हणजे कर्करोगाच्या पेशीला वाढायला लावणाऱ्या एखाद्या ठरावीक रेणूवर बेतलेले औषध. यातल्या एका महत्त्वाच्या लक्ष्याचा शोध फार गमतीशीर रीतीने लागला. स्टॅन्ले कोहेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क उंदराच्या नवजात पिल्लांना टोचत होते. त्यांचे लक्ष होते मज्जापेशींच्या वाढीकडे. पण या पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा कित्येक दिवस आधी उघडू लागले आणि दातही लवकर आले. दुसऱ्या कुणी ते नोंदवहीच्या कोपऱ्यात लिहून सोडून दिले असते. कोहेन यांनी त्याचाच पिच्छा पुरवला आणि त्यातून त्वचेच्या पेशींना वाढीचा आदेश देणारे प्रथिन हाती आले. तेच एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ. त्यांना आणि रीटा लेवी-मोंटाल्चिनी यांना १९८६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा आदेश स्वीकारणारे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतात, आणि अनेक कर्करोगांत त्यांची गर्दी आढळते. जॉन मेंडेलसन आणि गॉर्डन सॅटो यांनी १९८०च्या सुमारास सुचवले की हे ग्राही प्रतिपिंडाने झाकले तर आदेश आत पोहोचणार नाही आणि पेशी वाढायची थांबेल. त्यातून तयार झालेले सेटक्सिमॅब हे औषध फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले. दोन वर्षांनी आणखी मोठी बातमी आली. डोके व मानेच्या कर्करोगाच्या ४२४ रुग्णांत नुसत्या किरणोपचाराची तुलना किरण अधिक सेटक्सिमॅब यांच्याशी केली होती. मध्यक आयुर्मान २९.३ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेले.

आता गुदाशयाच्या तज्ज्ञांच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. किरणांसोबत सेटक्सिमॅब काम करते हे सिद्ध झालेले, मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते चालते हेही सिद्ध झालेले. किरण, फ्लूरोयुरॅसिल आणि सेटक्सिमॅब तिन्ही एकत्र द्यायचे, एवढेच बाकी. अनेक केंद्रांत चाचण्या सुरू झाल्या.

निकाल बुचकळ्यात टाकणारे होते. गाठ नामशेष होण्याचे प्रमाण वाढण्याऐवजी कमी भासू लागले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात सेटक्सिमॅबसह कॅपेसिटाबिन, ऑक्झॅलिप्लॅटिन आणि किरण घेतलेल्या रुग्णांत ते अवघे ९ टक्के होते. पुढे ब्रिटन व युरोपातील काही देशांतील १६५ रुग्णांची ‘एक्सपर्ट-सी’ ही चाचणी झाली. यात प्रतिस्पर्धी गट होता आणि गाठींची जनुकीय तपासणीही केली होती. ज्यांच्यावर औषध चालण्याची शक्यता होती अशा गाठींत संपूर्ण प्रतिसादाचे प्रमाण सेटक्सिमॅबविना ९ टक्के, तर सेटक्सिमॅबसह ११ टक्के निघाले. फरक नाहीच म्हणायचा. या रुग्णांचे आयुष्य मात्र लांबल्याचे २०१२ च्या अहवालात दिसले आणि आशा पालवली. आणखी दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तो फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

असे का व्हावे? याची दोन उत्तरे दिली जातात आणि मला दोन्हींत तथ्य वाटते.

पहिले जनुकाचे. ईजीएफ ग्राहीकडून आलेला आदेश पेशीच्या आत के-रास नावाचे प्रथिन पुढे पोहोचवते. मोठ्या आतड्याच्या सुमारे ४० टक्के कर्करोगांत के-रासच्या जनुकात उत्परिवर्तन झालेले असते आणि ते प्रथिन कायमचे ‘चालू’ राहते. दाराची घंटा आतल्या बाजूलाच चिकटून सतत वाजत असेल, तर बाहेरचे बटण झाकून काय उपयोग? अशा रुग्णांना सेटक्सिमॅबचा फायदा होत नाही हे २००८ साली पक्के झाले. पण एक्सपर्ट-सी मध्ये असे रुग्ण बाजूला काढूनही गाठ नामशेष होण्यात फरक दिसला नव्हता. तेव्हा हे उत्तर अपुरे पडते.

दुसरे उत्तर पेशीचक्राचे. सेटक्सिमॅब पेशीला मारण्यापेक्षा थांबवते. डीएनएची नक्कल सुरू होण्यापूर्वीचा जो टप्पा असतो तिथेच पेशी अडून राहते. आणि फ्लूरोयुरॅसिल मारते ते नक्कल करणाऱ्या पेशीला. एका शिपायाने चोर घराबाहेर पडला की पकडायचा आणि दुसऱ्याने त्याच घराला बाहेरून कडी घालायची, असा हा प्रकार आहे. दोघेही आपापले काम चोख करतात, चोर मात्र घरात सुरक्षित राहतो. प्रयोगशाळेत पेशींवर केलेल्या अभ्यासांत औषधांचा क्रम बदलला की परिणाम बदलतो असे दिसले आहे. डोके-मानेच्या ज्या चाचणीने सर्वांना उत्साह दिला, तिच्यात किरणांसोबत दुसरे औषध नव्हते हेही इथे आठवावे. पुढे त्याच रोगात किरण अधिक सिस्प्लॅटिन या जोडीत सेटक्सिमॅब मिसळून ८९१ रुग्णांची चाचणी झाली, तेव्हा तिथेही काही लाभ झाला नाही.

रक्तवाहिन्या : तोडायच्या की सुधारायच्या?

दुसरे लक्ष्य होते गाठीचा रक्तपुरवठा. गाठीला वाढायचे तर नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या रोखल्या तर गाठ उपाशी मरेल, ही कल्पना ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडली. नपोलिओने फेरारा यांनी १९८९ साली रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळे केले, आणि त्यावर बेतलेले बेव्हॅसिझुमॅब हे प्रतिपिंडही फेब्रुवारी २००४ मध्येच मान्य झाले. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात रसायनोपचारासोबत दिल्यावर त्याने मध्यक आयुर्मान १५.६ वरून २०.३ महिन्यांवर नेले होते.

चाणाक्ष वाचकाच्या मनात इथे शंका आली असेल. किरणांना ऑक्सिजन हवा आणि ऑक्सिजन रक्तातून येतो. मग रक्तवाहिन्या बंद करणारे औषध किरणांच्या आड येणार नाही का?

याचे उत्तर राकेश जैन यांनी दिले. कानपूरच्या आयआयटीतून रासायनिक अभियंता होऊन अमेरिकेत गेलेल्या या संशोधकाने गाठीकडे नळकाम करणाऱ्याच्या नजरेने पाहिले. गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या असतात. त्यातून पाझरलेल्या द्रवाने आतला दाब वाढतो आणि रक्त नीट फिरत नाही. व्हीईजीएफ थोडे रोखले तर गळक्या नळ्या गळून पडतात, उरलेल्या घट्ट होतात आणि काही काळ पुरवठा उलट सुधारतो. बॉस्टनमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली गुदाशयाच्या कर्करोगाच्या सहा रुग्णांत हे तपासले. बेव्हॅसिझुमॅबची एकच मात्रा दिल्यावर बारा दिवसांनी गाठीतील रक्तवाहिन्यांची दाटी आणि द्रवाचा दाब दोन्ही उतरले होते. माणसाच्या शरीरातील या परिणामाचा तो पहिला थेट पुरावा मानला जातो, आणि तो या रोगातच मिळाला, कारण गुदाशयातील गाठीपर्यंत उपकरण नेता येते.

कल्पना सुंदर आहे. पण ही ‘सुधारणा’ अल्पकाळ टिकते आणि प्रत्येक गाठीत ती केव्हा सुरू होऊन केव्हा संपते हे बाहेरून कळत नाही. दुसरी अडचण शस्त्रक्रियेची. जखम भरून यायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात. बेव्हॅसिझुमॅबचा अर्धायुकाल सुमारे वीस दिवस आहे, म्हणजे महिन्याभरानंतरही त्याचा तिसरा हिस्सा रक्तात असतो. आतड्याचा सांधा किंवा टाके अशा वेळी उसवण्याची भीती राहते. अमेरिकेतील एका बहुकेंद्री अभ्यासात बेव्हॅसिझुमॅब आणि ऑक्झॅलिप्लॅटिन दोन्ही किरणोपचारात मिसळले होते. गाठ नामशेष झालेले रुग्ण १७ टक्के निघाले, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ४७ टक्के जणांना शस्त्रक्रियेशी निगडित गुंतागुंत झाली. एवढी किंमत मोजून १७ टक्के हा सौदा मला तरी पटत नाही.

फाशांचा प्रयोग

त्याच औषधाच्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र २५ पैकी ८ रुग्णांत, म्हणजे ३२ टक्क्यांत, गाठ नामशेष झाली होती. मग कोणता आकडा धरायचा? हा प्रश्न वर्गात सोडवता येतो, आणि गणिताच्या शिक्षकांनी तो जरूर करून पाहावा.

ल्यूडोचा फासा घ्या. सहा पडण्याची शक्यता सहात एक, म्हणजे सुमारे १७ टक्के. नेहमीच्या रसायन-किरणोपचाराने गाठ नामशेष होण्याच्या प्रमाणाच्या हे जवळपास आहे. पंचवीस मुलांनी एकेकदा फासा टाकायचा. किती जणांना सहा पडले ते फळ्यावर लिहायचे. ही झाली २५ रुग्णांची एक ‘चाचणी’. असे वीसेक वेळा करा. सरासरी चारच्या आसपास येईल, पण एखाद्या वेळी एकच येईल आणि एखाद्या वेळी आठही येतील. फासा तोच, टाकणारी मुले तीच. आठ आलेल्या वेळी मुलांनी नवी टोपी घातली होती असे समजा, की टोपीचा गुण सिद्ध झालाच! २५ पैकी ८ या निष्कर्षामागे खरे प्रमाण १५ टक्के असू शकते तसेच ५३ टक्केही असू शकते, एवढेच संख्याशास्त्र सांगते.

जगभरात असे छोटे, तुलनेचा गट नसलेले अभ्यास डझनांनी झाले आणि प्रत्येकाची तुलना जुन्या आकड्यांशी केली गेली. मोठ्या, दोन गटांच्या चाचण्या झाल्या की बहुतेक वेळा चमक ओसरली. लक्ष्यवेधी नसलेल्या ऑक्झॅलिप्लॅटिनचेही तेच झाले होते. छोट्या अभ्यासांत आशा, आणि इटलीतील मोठ्या चाचणीत दोन्ही गटांत गाठ नामशेष होण्याचे प्रमाण १६ टक्केच. गंभीर दुष्परिणाम तेवढे ८ वरून २४ टक्क्यांवर गेले. किरणांनी तुटलेला डीएनए सांधणाऱ्या ‘पार्प’ या विकराला रोखणारे व्हेलिपारिब हे औषधही अमेरिकेत दोन गटांच्या चाचणीत तपासले गेले. तर्क पुन्हा निर्दोष होता, पण ठरवलेल्या मोजमापात सुधारणा झाली नाही.

आज शस्त्रक्रियेपूर्वीच्या रसायन-किरणोपचारात यांपैकी कोणतेही लक्ष्यवेधी औषध नेहमीच्या उपचाराचा भाग नाही.

मग पुढे काय सरकले?

एक वाट जुन्याच औषधांची निघाली. पूर्वी शस्त्रक्रियेनंतर दिला जाणारा रसायनोपचार आता अनेकदा शस्त्रक्रियेच्या आधीच उरकून घेतात. फ्रान्समधील चाचणीत, जिचा अहवाल २०२१ साली आला, किरणोपचारापूर्वी तीन महिने तीव्र रसायनोपचार दिला होता. गाठ नामशेष होण्याचे प्रमाण १२ वरून २८ टक्क्यांवर गेले आणि सात वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाणही ७६ वरून ८२ टक्क्यांवर गेले. नवा रेणू एकही नव्हता, बदलली होती ती वेळ आणि मात्रा. यकृता-फुप्फुसाकडे निघालेल्या पेशींना लवकर गाठणे, हे यामागचे साधे कारण.

दुसरी वाट अनपेक्षित होती. डीएनएची नक्कल करताना चुकीच्या जोड्या जुळतात आणि त्या दुरुस्त करणारी प्रथिने पेशीत असतात. गुदाशयाच्या कर्करोगांपैकी ५ ते १० टक्क्यांत ही दुरुस्ती बंद पडलेली असते. चुका साठत जातात, त्यातून विचित्र प्रथिने बनतात आणि शरीराच्या टी-पेशींना ती परकी म्हणून ओळखता येतात. तरी त्या हल्ला करत नाहीत, कारण त्यांच्यावरील पीडी-१ हा ‘ब्रेक’ गाठीने दाबून धरलेला असतो. हा ब्रेक सोडवणारे डॉस्टार्लिमॅब हे प्रतिपिंड न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात आंद्रेया सेर्चेक आणि सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांना, दर तीन आठवड्यांनी सहा महिने दिले. आधी ठरले होते की त्यानंतर किरण, मग शस्त्रक्रिया. २०२२ साली पहिल्या १२ रुग्णांचा अहवाल आला. बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली आणि एकालाही किरण किंवा शस्त्रक्रिया लागली नाही. २०२५ साली ही संख्या ४९ झाली, आणि ४९ पैकी ४९ जणांत तोच निकाल होता.

इथे फाशाचा प्रयोग पुन्हा आठवावा. तुलनेचा गट इथेही नाही. पण सलग बारा वेळा सहा पडले तर आपण फासाच तपासायला घेऊ. एरवी अशी गाठ औषधांनी दिसेनाशी होण्याचे प्रमाण माहीत असताना हा निकाल दैवाचा म्हणता येत नाही. औषध महाग आहे, पण ते कुणाला उपयोगी पडेल हे सांगणारी तपासणी तशी साधी आहे. गाठीच्या तुकड्यावर चार प्रथिनांची रंजक-परीक्षा करून दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे की नाही ते कळते, आणि ती आपल्याकडच्या मोठ्या विकृतिशास्त्र प्रयोगशाळांत होते. दोष आनुवंशिक निघाला तर रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांनाही वेळीच तपासता येते.

उरलेल्या ९० ते ९५ टक्के रुग्णांत हा ब्रेक नुसता सोडवून भागत नाही, कारण त्यांच्या गाठी टी-पेशींना परक्या वाटत नाहीत. अमेरिकेत नेहमीच्या रसायन-किरणोपचारात याच जातीचे पेंब्रोलिझुमॅब मिसळून पाहिले. २०२१ च्या अहवालानुसार काही फायदा झाला नाही. चीनमध्ये मांडणी वेगळी केली. पाच दिवसांचे कमी मुदतीचे किरण आधी आणि प्रतिकारशक्तीचे औषध व रसायनोपचार त्यानंतर, असा क्रम ठेवला. दोन गटांच्या या चाचणीत, २०२४ च्या अहवालानुसार, गाठ नामशेष झालेले रुग्ण ४० टक्के होते, तर नेहमीच्या उपचारात १५ टक्के. लांब मुदतीच्या किरणोपचारात महिनाभर रोज थोडे थोडे किरण पडतात आणि जवळच्या टी-पेशीही मरत राहतात, पाच दिवसांत उरकले तर त्या वाचतात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे असेल तर इथेही प्रश्न पुन्हा क्रमाचाच आहे. रुग्णांच्या आयुर्मानावर याचा काय परिणाम होतो, हे मोजायला नेहमीप्रमाणे पाच ते सात वर्षे जावी लागतात.